पेटीत मावेल तेवढं घर

दसरा जवळ आला की वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत घर सजवण्याचे लेख दिसू लागतात. भिंतीला कोणता रंग द्यावा, पडदे कसे निवडावेत, लहान खोली मोठी कशी भासेल, याच्या युक्त्या. नेमक्या त्याच दिवसांत बीड जिल्ह्यातल्या धारूर, वडवणी, केज, पाटोदा, शिरूर कासार, आष्टी या तालुक्यांच्या वाड्यावस्त्यांवर आणि तांड्यांवर घर आवरण्याची घाई उडालेली असते. फरक इतकाच की तिथली आवराआवर घर बंद करण्यासाठी चाललेली असते. अंगणात ट्रॅक्टरची ट्रॉली लागते आणि पाच-सहा महिन्यांचा संसार तिच्यात चढवायचा असतो.

साखर कारखान्यांचा गळीत हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबरात सुरू होतो आणि मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. तेवढ्या काळासाठी जिल्ह्यातली लाखो माणसं ऊस तोडायला बाहेर पडतात. सांगली, सातारा, कोल्हापूर, सोलापूर, पुणे, अहिल्यानगर, नाहीतर कर्नाटकात बेळगाव-बागलकोटकडे. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. टोळी जमवणाऱ्या मुकादमाच्या वहीत माणसांची नव्हे, कोयत्यांची मोजदाद होते. एकटा पुरुष किंवा एकटी बाई असेल तर अर्धा कोयता.

या सगळ्यावर पुष्कळ लिहिलं गेलं आहे: आगाऊ पैशांची उचल, मुकादम, टनाचा भाव, मुलांची शाळा. ते लिहिलं जायलाच हवं. पण एका गोष्टीकडे सहसा कोणाचं लक्ष जात नाही. ही माणसं दरवर्षी एक घर मिटून ठेवतात आणि उघड्या रानात दुसरं घर उभं करतात. हंगाम संपून पट्टा पडला की ते मोडून पुन्हा पहिलं घर उघडतात. नव्या जागेत बस्तान बसवायचं कसं, याचा इतका सराव महाराष्ट्रात दुसऱ्या कोणाला असेल असं वाटत नाही. आणि हा सराव मुख्यतः बायकांचा आहे. पुरवणीवाले त्यांना विचारायला जात नाहीत, एवढंच.

मराठवाड्यात घर आवरण्याचा खरा मोसम दिवाळीचा नसून घटस्थापनेआधीचा. पितरं झाली की घराघरांतल्या वाकळा, गोधड्या, चादरी गठुडी बांधून ओढ्यावर, नाहीतर तळ्यावर जातात. पाऊस चांगला झाला असेल तर पाणी असतं. नसेल तर हातपंपावर नंबर लागतात. भिंतींना पांढऱ्या मातीचा किंवा चुन्याचा हात फिरतो, खाली वीतभर गेरूचा पट्टा ओढला जातो, जमीन सारवली जाते. पितळ चिंचेनं आणि स्टील राखेनं उजळून निघतं. मग घट बसतात. दसऱ्याला सोनं लुटून होतं, कोणी सावरगाव घाटाच्या दसरा मेळाव्याला जाऊन येतं, आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत निरोप येतो, गाडी अमुक दिवशी भरायची. वर्षभरात घर सगळ्यात देखणं दिसतं, नेमकं तेव्हाच त्याला कुलूप लागतं. अगदी कुलूपच लागतं असंही नाही. बहुतेक घरांत म्हातारी माणसं मागं राहतात आणि त्यांच्यापाशी शाळेतली पोरं. मुलांनी गावातच राहावं म्हणून शासनाची हंगामी वसतिगृहांची योजना आहे. तरीही ज्यांच्या घरी मागं कोणी सांभाळणारं नाही, त्यांची पोरं ट्रॉलीत बसतातच.

घर मिटण्याचंही एक शास्त्र आहे. धान्य, कपडे, अंथरूण यांतलं काहीही जमिनीला टेकू द्यायचं नाही, कारण उधई खालून येते. ज्वारीच्या पोत्यात वाळलेला लिंबाचा पाला मिसळायचा. कणगी असेल तर तिचं तोंड शेणामातीनं लिंपून टाकायचं. जादा वाकळा घडी करून वलणीवर टाकायच्या, त्यांच्या घड्यांत डांबरगोळ्या. भिंतीला लागून काहीही ठेवायचं नाही. मागं उंदराला रस्ता सापडतो. पत्र्यावरचे दगड एकदा हलवून बघायचे, कारण अवकाळी वारं सुटलं तर पत्रा धरून ठेवायला घरात गडी माणूस नसणार. शहरातले लोक महिनाभर परदेशी जाताना घर कसं बंद करावं याच्या याद्या शोधतात. त्यांतली निम्मी कलमं धारूरच्या डोंगरातल्या एखाद्या म्हातारीला तोंडपाठ असतात, शिवाय तिच्या यादीत बैल, शेळ्या आणि कोंबड्याही असतात.

मग प्रश्न उरतो, सोबत काय न्यायचं.

जागा ठरलेली असते: एक पत्र्याची पेटी, दोन-चार पोती, एखादा पाण्याचा ड्रम. ट्रॉली टोळीतल्या सगळ्यांची. त्यामुळे निवड करावीच लागते आणि ती फार कठोर असते. ज्वारी-बाजरी, डाळ, वर्षाचं तिखट. तवा, काठवट, उलथणं, जर्मलची दोन-तीन पातेली, तांब्या, हंडा. कपड्यांचे मोजके जोड. थंडीसाठी वाकळा, कारण उसाच्या रानात पाण्यामुळे गारठा जास्त. औषधाच्या गोळ्या, आधार कार्ड, बँकेचं पुस्तक आणि पोरांचे शाळेचे कागद पेटीच्या अगदी तळाशी, प्लास्टिकच्या पिशवीत. कोंबड्या डालग्याखाली. आरसा मात्र पिशवीत नाही, वाकळेच्या घडीत जातो. फुटता कामा नये.

काय न्यायचं नाही, हेही ठरलेलं. स्टीलची भांडी, पितळी घागर, कळशी, लग्नातला डबा हे सारं घरीच राहतं. कोपीवर, म्हणजे रानातल्या झोपडीत, भांडं हरवतं, चेपतं, अदलाबदल होते. जर्मलचं गेलं तर जीव हळहळत नाही.

कारखान्यावर किंवा फडाजवळ पोहोचल्यावर जी जागा दाखवली जाते ती बहुधा पडीक असते: काटेकुटे, ढेकळं, एखादा चर. बैलगाडीवाल्यांचं गाडी सेंटर असेल तर मुक्काम कारखान्यालगत एकाच ठिकाणी, हंगामभर. डोकी सेंटर असेल तर मोळ्या डोक्यावरून ट्रकमध्ये भरायच्या आणि ऊस संपला की दुसऱ्या गावाला. म्हणजे तीच कोपी हंगामात अनेकदा मोडायची आणि अनेकदा बांधायची. डोकी सेंटरवाल्यांच्या कोप्या म्हणूनच आटोपशीर असतात. गाडी सेंटरवरच्या कोपीत हौस दिसते. दारापुढं ओटा केलेला असतो, कधी त्यावर रांगोळी.

जागा मिळाल्यावर कामाचा क्रम लागतो, आणि इथं पुरवणीतल्या लेखांशी खरा काडीमोड होतो. त्या लेखांची सुरुवात रंगापासून होते. इथं सुरुवात उतारापासून. पाणी कुठून येईल आणि कुठं जाईल, हे आधी बघायचं, मग उंचवट्याची बाजू धरायची. अवकाळी पावसाची एक सर आली तरी खोलगटातल्या कोपीत अंथरूण तरंगतं, हा अनुभव टोळीत कोणी ना कोणी घेतलेला असतो. त्यानंतर वाऱ्याची दिशा. थंडीचं वारं ज्या अंगानं येतं तिकडं कोपीची पाठ. मग चुलीची जागा. ती कोपीपासून जरा लांब आणि वाऱ्याच्या खालच्या बाजूला, कारण चटई आणि पाचट यांना एक ठिणगी पुरते. कोप्या जळाल्याच्या बातम्या दर हंगामात येतात. मग बैल कुठं बांधायचे ते, दारातून दिसतील असे. मग शेजार. शेजारी गावचेच, शक्यतो भावकीतले, म्हणजे पहाटे फडावर जाताना तान्ह्याला कोणाच्या तरी हवाली करता येतं. हे सगळं ठरल्यावर कोपीचा पहिला खड्डा पडतो.

बांधायला फार वेळ लागत नाही. बांबूच्या कामट्या दोन्ही टोकांनी जमिनीत खोचून कमानी करायच्या, वर आडव्या कामट्या बांधायच्या, त्यावर चटया टाकायच्या, सुतळीनं जखडायच्या. चटया जुन्या हंगामाच्या असतात. फाटलेल्या बाजाराच्या दिवशी नव्या घ्यायच्या. वर प्लास्टिकचा कागद, त्यावर पाचट. कडेनं चर खणून माती कोपीच्या पायाला लावायची. दार म्हणजे चटईचाच एक तुकडा. आत वाकून जावं लागतं आणि मधोमध सोडलं तर कुठंही सरळ उभं राहता येत नाही.

आतली जमीन मात्र खास. ढेकळं फोडायची, पाणी मारायचं, धुम्मसानं नाहीतर पायांनी चोपायची, वर शेणाचा सडा, मग सारवण. शेणाला तोटा नसतो, बैल दारातच. सारवून वाळलेली जमीन ही कोपीतली पहिली सजावट आणि पहिली सोयही: धूळ बसते, किडामुंगी कमी होते, पोर रांगायला सोडता येतं. त्यानंतर पेटी ठेवली जाते. ती मुद्दाम मधे ठेवतात, म्हणजे एका बाजूला निजायची जागा आणि दुसऱ्या बाजूला भांडी-धान्य असे कोपीचे दोन भाग आपोआप पडतात. पेटी हीच कपाट, तीच भिंत, तीच पाहुण्याची खुर्ची.

कोपीत दुसरी भिंत असते ती साडीची. घरातली एखादी जुनी, सुताची, धुऊन धुऊन मऊ झालेली. कमानीच्या दोन कामट्यांमध्ये दोरी ताणून तिच्यावर ती टाकतात. दिवसा एका बाजूला गुंडाळून खोचलेली, रात्री सोडलेली. टोळीत सासू-सासरे असतील, मोठी मुलगी असेल, तर ती साडी नसून दार असते. तिच्या पलीकडे विचारल्याशिवाय कोणी जात नाही. दुसरी तशीच साडी दुहेरी करून झोळीला लागते. काठाकडची बाजू वर, कारण काठ दाट विणीचा, भार तोच पेलतो. जुनेर कधी फेकायचं नाही, ते इतक्या कामांसाठी. पुढं ती साडी इतकी विरते की झोळीलाही चालत नाही. तेव्हा तिची घडी पडते उन्हाळ्यात शिवायच्या वाकळेत, आतल्या थराला. वरच्या थराला धड कापड लागतं. चांगल्या वाकळेचा टाका एकसारखा असतो आणि चारही कडांनी चौकटीत आत आत जात मध्यावर संपतो.

उरलेलं सगळं टांगतात. भाकरीचं शिंकं, कुत्र्या-मांजरापासून वाचवायला. हळद-तिखटाच्या पिशव्या. कोयते मात्र पोरांच्या हाताला न लागतील असे चटईत खोचून. कंगवा आणि आरसा दाराजवळ, कारण उजेड तेवढाच. भगवानबाबांचा, बाबासाहेबांचा, खंडोबाचा किंवा योगेश्वरीचा फोटो, ज्याच्या त्याच्या भावाप्रमाणे. बाहेर सौरदिव्याची पाटी पाचटावर ठेवलेली आणि तिची वायर आत मोबाइलपर्यंत आलेली. जमीन लहान असली की भिंती आणि छत वापरा, असा सल्ला आता लहान फ्लॅटवाल्यांना पैसे घेऊन दिला जातो.

जगाच्या साहित्यात लहान घराचं कौतुक बरंच आहे. कामो नो चोमेइ या जपानी कवीनं १२१२ साली आपल्या झोपडीविषयी ‘होजोकी’ नावाचा निबंध लिहिला. आग, वावटळ, दुष्काळ, भूकंप हे सगळं क्योतोत पाहून तो डोंगरात गेला आणि दहा फूट लांब-रुंद झोपडीत राहिला. ती सुटी करून दोन गाड्यांत घालून हलवता येई, याचं त्याला अप्रूप होतं. ल कॉर्बुझिए या नामांकित वास्तुकारानं १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर स्वतःसाठी बारा फुटांची लाकडी खोली बांधली. ती आज जागतिक वारशाच्या यादीत आहे. दोन्ही उदाहरणं सुंदर आहेत. पण दोघांनीही लहान घर स्वतः निवडलं होतं, आणि कंटाळा आला तर दुसरं दार उघडं होतं. कोपीच्या कौशल्याचं कौतुक करताना हा फरक विसरला, तर ते कौतुक कौतुक न राहता चेष्टा होते.

कोपीत काय नाही, हेही म्हणूनच सांगायला हवं. न्हाणी नाही. चार काठ्या रोवून त्यांना साडी गुंडाळली की झाली न्हाणी, आणि तीही अंधार असेपर्यंतच. संडास नाही, उसाचं रान आहे, आणि ऊस तुटत जातो तसा आडोसाही मागं सरत जातो. जुन्नर, संगमनेरकडच्या फडांत त्या आडोशाला बिबट्याचीही भीती. पाणी कारखान्याच्या टँकरचं, नाहीतर कालव्याचं. बाईचा दिवस पहाटे तीन-चारला चुलीपुढं सुरू होतो. मग फड, मोळ्या, गाडी, पुन्हा स्वयंपाक. पाळीच्या दिवसांत धुवायला पाणी नाही, बदलायला आडोसा नाही, आणि खाडा केला तर पैसे कापले जातात. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ साली गाजला, तेव्हा शासनानं नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पाहणीतल्या ८२ हजारांवर बायकांपैकी १३ हजारांहून अधिक जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं. त्याची कारणं अनेक आहेत आणि दवाखान्यांचा लोभ त्यात मोठा आहे. पण घर म्हणजे काय याचा विचार करताना एक कारण नजरेआड करता येत नाही: सहा महिने ज्या जागेला घर म्हणायचं, तिथं चार भिंतींची न्हाणी नव्हती.

आता गावाकडचं घर. ज्याच्यासाठी हे सगळं चाललेलं असतं, ते.

तीन पिढ्यांमागं बीडच्या डोंगराळ भागातलं साधं घर म्हणजे माळवद. दगड-मातीच्या दोन-दोन, अडीच-अडीच फुटी भिंती, लाकडी खांब, त्यांवर तुळया, वर किलच्या, त्यावर पाला आणि पाल्यावर गावठाणातल्या पांढऱ्या मातीचा जाड थर. पाणी जायला पन्हाळ, उजेड यायला आणि धूर जायला साणं. भिंतीत दिवळ्या, कोनाडे, खुंट्या. वेगळं फर्निचर लागतच नसे, कारण भिंतच कपाट होती. जाडजूड भिंतींमुळे चैत्र-वैशाखातही दुपारी आत गार. दरवर्षी मृगाच्या आधी माळवदावर नवी माती पसरावी लागे, उगवलेलं गवत उपटावं लागे. काम सोपं नव्हतं, पण बाजारातून काही आणावं लागत नसे.

३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीला भूकंप झाला. गणपती विसर्जनाची रात्र उलटून लोक गाढ झोपेत होते. सरकारी आकड्यांप्रमाणे ७,९२८ माणसं गेली, त्यांतली बहुतेक अशाच दगड-मातीच्या भिंतींखाली आणि मातीच्या छपरांखाली. लातूर-उस्मानाबादला झालेल्या त्या हानीचा धसका शेजारच्या बीडनंही घेतला. लाकूड तर आधीच महागलं होतं, माळवद घालणारे जुने हात कमी झाले होते. त्यात ही भीती. माळवदं उतरली आणि पत्रे चढले. पत्रा हलका, अंगावर पडला तरी माणूस वाचण्याची आशा. शिवाय एका दिवसात बसतो.

पण पत्र्याखाली एप्रिल काढायचा म्हणजे काय, हे तिथं निजलेल्यालाच ठाऊक. आणि कारखान्यावरून माणसं परततात ती नेमकी एप्रिलात. म्हणून पत्र्याच्या घराची सजावट म्हणजे मुळात उन्हाशी तह. पत्र्यावर तुराट्या, पळाट्या, नाहीतर पाचटाचा थर टाकायचा, आगीची काळजी घेऊन. किंवा चुन्याचे दोन हात मारायचे. पांढरा पत्रा ऊन परतवतो, आणि अहमदाबादेत महिला हाउसिंग ट्रस्ट हेच काम खास रंग लावून झोपडवस्त्यांत करते. पत्र्याच्या आतून पोत्यांचं किंवा जुन्या साड्यांचं छत बांधायचं, म्हणजे पत्रा आणि माणूस यांच्यामध्ये हवेचा एक थर राहतो. भिंत आणि पत्रा यांमधली फट बुजवायची नाही, गरम हवा तिथून निघते. पावसाळ्यात दारापाशी दोडक्याचा, भोपळ्याचा वेल लावला तर दसऱ्यापर्यंत पत्रा झाकलेला, शिवाय भाजी. हंगामाला निघताना वेल वाळत आलेला असतो.

आता पत्र्याच्या पुढची पायरी स्लॅब. २०१६पासून प्रधानमंत्री आवास योजनेत खेड्यातल्या घरकुलाला एक लाख वीस हजार रुपये मूळ अनुदान मिळतं आणि घर किमान २५ चौरस मीटरचं लागतं, म्हणजे २६९ चौरस फूट. तेवढ्यात स्लॅबचं घर पुरं होत नाही, हे गवंड्यापासून ग्रामसेवकापर्यंत सर्वांना माहीत असतं. उरलेली भर उचलीतून पडते. मुकादमाकडून घेतलेली उचल पुढच्या हंगामात ऊस तोडून फेडायची. म्हणजे घर पुरं करण्यासाठी घरापासून लांब जायचं, आणि जितकं घर चांगलं, तितके हंगाम जास्त. हा हिशोब कोणाला कळत नाही असं नाही. तरी स्लॅब पडतोच. त्यावर पाण्याची टाकी चढते, पुढच्या भिंतीला पोपटी नाहीतर आकाशी ऑइलपेंट लागतो, दारावर ‘आई-वडिलांचा आशीर्वाद’ आणि खाली साल.

बाहेरून आलेल्याला हे रंग भडक वाटतात. पण सहा महिने करड्या पाचटात आणि काळ्या मातीत काढलेल्या डोळ्यांनी निवडलेले ते रंग आहेत. शिवाय भडक रंग लांबून दिसतो. टेकडीवरून गावाकडे बघताना आपलं घर ओळखता यावं, ही काही वाईट इच्छा नाही.

आत गेलं की समोरच्या भिंतीला मांडणी. लोखंडी किंवा स्टीलची, चार-पाच खणांची, ताटांसाठी खाचा, वाट्यांसाठी कड्या. एकेकाळी तिच्या जागी उतरंड असे. सगळ्यात वरच्या खणात कोणी न वापरलेली भांडी: डबे मोठ्याकडून लहानाकडे, घंगाळ, कळशी, ताटांची उभी रांग. मांडणीचं सौंदर्य रांगेत आहे. एक ताट काढलं तर तेच पुसून तिथंच परत. जवळ जाऊन बघितलं की प्रत्येक भांड्यावर सुईनं टिंब टिंब करून कोरलेली अक्षरं दिसतात. भांड्याच्या दुकानात दुकानदार यंत्रानं फुकट नाव टाकून देतो. कोणाकडून, कोणाला, लग्न की बारसं की जावळ, तारीख. कुठं ‘मामाकडून सप्रेम भेट’, कुठं आडनावात एक अक्षर चुकलेलं. घरातली बाई निरक्षर असली तरी कोणतं भांडं कोणाचं, हे तिला पोचे आणि कडा पाहून सांगता येतं. आणि ज्यानं तांब्या दिला त्याच्या घरच्या कार्याला तांब्याहून कमी काही न्यायचं नाही, हेही. दिवाणखान्यात कोणतं चित्र लावावं याची चर्चा करणाऱ्यांनी अशी एक मांडणी निवांत वाचावी. घराण्याचा इतिहास इतक्या कमी जागेत फार क्वचित लावलेला असतो.

या घरांतली पुढची पिढी पुण्यात तिसऱ्याच जागेत बस्तान बसवते आहे. सदाशिव पेठेत, नवी पेठेत स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासासाठी आलेली पोरं कॉट बेसिसवर राहतात: एका खोलीत तीन-चार कॉट, कॉटखाली पेटी, डोक्याशी पुस्तकं, भिंतीला नकाशा आणि वेळापत्रक. कोपीवर वाढलेलं पोर इथं लवकर रुळतं. त्याला कॉटखालची जागा वापरायला शिकवावं लागत नाही. चादर दोरीवर टाकून आडोसा करायचा, चार्जिंगची वायर अडचण न होता कुठून आणायची, पावसात गळणाऱ्या खिडकीकडे पुस्तकं ठेवायची नाहीत, हे तो सामान उतरवतानाच बघतो.

एप्रिलात टोळ्या परततात. घर उघडतं, उधईचा माग लागलाय का ते बघितलं जातं, वाकळा उन्हात पडतात, जर्मलची भांडी घासून पेटीत परत जातात. उन्हाळ्याचे दोन महिने बांधकामाचे, कारण हातात थोडा पैसा असतो आणि पाऊस लागायचा असतो. अलीकडे या दिवसांत गवंडी नव्या घरकुलाची आखणी करायला आला की बाप्ये दर्शनी भिंतीचं, गच्चीच्या कठड्याचं बोलतात. बायका आधी मागच्या कोपऱ्यात जाऊन उभ्या राहतात. न्हाणी आणि संडास नकाशात असतात, पण नकाशावर त्यांचा भरवसा नसतो. आतून कडी लागेल ना, पाणी वरच्या टाकीतून येईल ना, आणि मोरीचा उतार कुणीकडं काढणार, हे तिथं उभं राहूनच विचारायचं. गवंडी दोरी सोडून ओळंबा खाली ठेवतो आणि बादलीभर पाणी ओतून दाखवतो.